पाटीचं टक्कल

१२ जानेवारी

चि. सौ. बंबवाली हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आगीच्या बंबाच्या ठाण्यात टेलिफोनवर बसून तू एवढी लांबलचक पत्रं लिहितेस, म्हणजे तुमच्या शहरात आगी फारशा लागत नाहीत असं धरून चालतो. तुझ्या वहिनीने ते दोनदा वाचलं. मी एकदाच वाचलं, कारण दुसऱ्यांदा माझ्या हाती आलंच नाही.

इकडची बातमी म्हणजे शेजारच्या न्हाव्याने दुकानाची पाटी नवी करून घेतली. त्याचं म्हणणं, नुसतं 'केशकर्तनालय' लिहा, बास. मी म्हटलं, अरे बाबा, एवढ्या लांब फळीवर एकच शब्द म्हणजे रिकाम्या दिवाणखान्यात एकटी खुर्ची. मग त्याखाली मी आपल्या मनाने 'रांग असते, घाई करू नये' असं टाकलं. त्याच्याकडे रांग कधीच नसते. पण आता पाटी वाचून माणसं दाराबाहेर शहाण्यासारखी थांबतात, आणि ती थांबलेली बघून आणखी दोघं येऊन थांबतात. न्हावी खूश आहे. फोटो पाठवतोय, मेहुण्यांना दाखव. हल्ली मी शिडीवर चढत नाही. पाटी जमिनीवर आडवी टाकायची, मांडी घालून निवांत रंगवायची आणि मग माणसं लावून वर चढवायची. नवी पद्धत आहे, डोक्याला ताप नाही.

तुमच्याकडे वाद चाललाय म्हणतेस, की सरकारने औषधपाणी सगळ्यांनाच मोफत द्यावं की फक्त गरजूंना. यात वाद कसला? ज्याला नाही त्याला द्यावं. ज्याचे हातपाय धड आहेत त्याने आपलं आपण निस्तरावं. फुकटचं अंगी लागत नाही, हे आपली आई सांगायची आणि तिने जन्मात कुणाचं मीठसुद्धा उसनं आणलं नाही.

आमच्या दवाखान्याच्या फाटकावर तर हे माझ्याच अक्षरात लिहिलंय. ती पाटी तू बघितली आहेस, पण तिची गोष्ट तुला माहीत नाही. दवाखाना उघडला तेव्हा कचेरीतल्या साहेबाने मजकूर सांगितला तो एवढाच: वरच्या ओळीत 'सरकारी दवाखाना', खालच्या ओळीत 'मोफत उपचार'. वरची ओळ छान भरली. खालची मी उजव्या कडेला धरून लिहिली, ती अर्धीच भरली आणि डावीकडे हातभर जागा उघडी पडली. खाली उतरून बघतो तर पाटीला चक्क टक्कल! आता मोकळी जागा म्हणजे पेंटरचा आळस, असं माझे उस्ताद म्हणायचे. मग मी तिथे 'गरजूंसाठी' घातलं आणि पाटी अशी काही भरली की साहेब स्वतः बाहेर येऊन वा म्हणाले. काय वाढवलंय ते त्यांनी वाचलंसुद्धा नसेल, अक्षरच बघत राहिले. अजून दर दोन-तीन वर्षांनी मी तिच्यावर हात फिरवून येतो. गावात तशी दुसरी पाटी नाही, हे मी सांगत नाही, लोक सांगतात.

असो. आपलं माणूस म्हणून आठवण ठेवतेस, तशीच ठेवत जा.

तुझा,
दादा


२० जानेवारी

प्रिय वन्सं,

स. न. वि. वि. हे पत्र मी यांच्या नकळत लिहितेय, तेव्हा उत्तर माझ्या नावाने पाठवू नकोस. यांच्याच पत्रात काय ते लिही.

यांची ती नवी पद्धत वगैरे सगळ्या थापा आहेत. दिवाळं निघालं तरी दुकानाला रंगरंगोटी करून बसतील असा हा माणूस. खरी गोष्ट अशी की पावसाळा संपता संपता हे शिडीवरून पडले. पाय सुखरूप, डोकं सुखरूप, पण उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. केस विंचरायचे तर हात डोक्याकडे नेण्याऐवजी डोकं हाताकडे नेतात. सदऱ्याची बाही मी चढवते आणि दोघंही असं दाखवतो की मी नुसती इस्त्री बघतेय. सुरुवातीला मला हसू यायचं, आता येत नाही.

मी खूप मागे लागले तेव्हा हे मोठ्या रस्त्यावरच्या खासगी डॉक्टरकडे आले. त्यांनी सांगितलं की खांद्यातला स्नायू हाडापासून सुटलाय. उन्हाळा सरायच्या आत टाके घालून जागेवर बसवला तर हात पुन्हा वर जाईल. तसाच ठेवला तर तो आखडत जाईल आणि मग कुणाच्याच हातून जोडला जाणार नाही. खर्चाचा आकडा ऐकून हे फक्त बरं म्हणाले आणि चपला घालून बाहेर आले. वाटेत म्हणाले, त्यासाठी दुकान विकावं लागेल, आणि दुकान विकल्यावर बऱ्या हाताचं लोणचं घालायचं का?

मी म्हटलं, आपला सरकारी दवाखाना आहे ना. तिथे हेच ऑपरेशन करतात, मी स्वतः चौकशी करून आलेय. तर हे म्हणाले, तो गरजूंसाठी आहे. मी म्हटलं, मग आपण कोण? तर म्हणाले, गरजू म्हणजे ज्याच्याकडे विकायलाही काही नाही तो. आपल्याकडे दुकान आहे. आता या माणसाशी काय बोलायचं, सांग. दुकान विकायचं नाही आणि दुकान आहे म्हणून दवाखान्यात जायचं नाही.

वन्सं, पाटीवर रेघ ओढताना यांचा चेहरा कसा असतो ते तुला माहीत आहे. तो चेहरा मला हवाय. तू लहान असलीस तरी हे तुझंच ऐकतात. माझं ऐकून घेतात, तुझं ऐकतात. काहीतरी कर.

तुझ्या जिवाला जप आणि आमच्यावर जीव असू दे.

तुझी,
वहिनी


२ फेब्रुवारी

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. न्हाव्याच्या पाटीचा फोटो मिळाला. मजकूर वाचून आमचे हे खुर्चीतून पडायचे राहिले. पण दादा, अक्षरांवरची रेघ बघ. तुझी रेघ म्हणजे पाण्याची पातळी, असं सगळे म्हणायचे. ही रेघ घसरगुंडीसारखी उजवीकडे उतरत गेलीय. मांडी घालून निवांत रंगवलेल्या पाटीची अशी दशा होत नाही. तुझ्या हाताला काहीतरी झालंय. वहिनीला उगाच धारेवर धरू नकोस. तिने काही सांगितलेलं नाही, तुझ्या रेघेनेच चहाडी केली.

तुझं दवाखान्याबद्दलचं मत वाचलं. आता माझं ऐक. मी रोज या टेलिफोनवर बसते. (हल्ली डाव्या कानाला धरून. उजव्या बाजूला लाईन खराब असते, नुसती गुणगुण येते.) इतक्या वर्षांत एकाही माणसाने मला सांगितलं नाही की, बाई, माझ्याकडे दोन बादल्या आहेत, मी काही गरजू नाही, तुमचा बंब दुसऱ्या कुणाकडे पाठवा. सावकाराच्या बंगल्यातून टेलिफोन येतो आणि धोबिणीच्या खोलीतूनही येतो. दोघंही एकच शब्द ओरडतात. आमचे लोक जिना उतरताना घर कुणाचं, त्याची ऐपत काय, असं विचारत बसले तर साहेब त्यांनाच बंबाला बांधून नेतील.

एकदाच एका माणसाने टेलिफोन केला नाही. टोपीवाला होता, फार भला माणूस. दुकानाच्या माळ्यावर धूर दिसला तर म्हणाला, एवढ्याशासाठी सरकारी माणसांना कशाला त्रास, माझं मी विझवतो. त्याच्या टोप्या तर गेल्याच, शेजारच्या सुताराचं दुकानही गेलं. संकोच याला वाटला आणि भुर्दंड सुताराला पडला. नंतर तो आमच्याकडे माफी मागायला आला तेव्हाही दारात घुटमळत उभा होता.

तेव्हा उगाच मोठेपणा न करता दवाखान्यात जा. तुझा हात ही घरातली आग आहे असं समज. आणि उत्तर लवकर दे, नाहीतर मी बंब घेऊनच येईन. साहेबांना सांगेन, भाऊ पेटलाय.

वहिनीला नमस्कार. तुझ्या मायेवर माझा हक्क आहे, तो मी सोडणार नाही.

तुझी,
धाकटी


१० फेब्रुवारी

चि. सौ. बंबवाली हिस अनेक आशीर्वाद.

रेघेने चहाडी केली म्हणे! त्या रेघेला मी चांगला ओळखतो, ती माझ्याशी लग्न करून या घरात आलीय आणि आत्ता समोर बसून वाटाणे सोलतेय. तुझं पत्र मी मोठ्याने वाचत होतो तेव्हा तिने एकदाही मान वर केली नाही. चोराच्या मनात चांदणं.

बरं, खांदा दुखावलाय, हे कबूल. पण तुझा आगीचा दाखला इथे लागू पडत नाही. आग पसरते. म्हणून ती विझवणं सगळ्यांचं काम. माझा खांदा कुणाकडे पसरणार आहे? न्हाव्याकडे? त्याच्या पायांच्या नसा उभं राहून राहून दोरखंडासारख्या फुगल्यात, तोही दवाखान्यात जात नाही. म्हणतो, माझी खुर्ची चालते तोवर मी गरजू कसा? त्याला अभिमान आहे, मला अभिमान आहे. आम्ही दोघं संध्याकाळी पायरीवर बसून एकमेकांना बाम देतो आणि देशाचं काय होणार यावर बोलतो. फार बरं वाटतं. बामाने नाही, बोलण्याने.

तरी तुझं मन राखायचं म्हणून परवा मी निघालो. खोटं नाही सांगत, स्वच्छ सदरा घालून फाटकापर्यंत गेलो. आत बघितलं. बाकं जवळजवळ रिकामी होती. म्हटलं, बरं आहे, गावात गरजू कमी आहेत. मग वर बघितलं. अक्षरं काय दिसत होती! 'जू'चं वळण, 'ठी'ची वेलांटी, सगळं जागच्या जागी. वाचलं आणि तिथेच थांबलो. एवढ्या मोठ्या अक्षरात सांगितलंय की हे कुणासाठी आहे. ते वाचून पुढे जायचं म्हणजे दुसऱ्याच्या ताटावर बसायचं. आपल्याला नाही जमत. फाटकाशी एक बाई लेकराला कडेवर घेऊन उभी होती, तीही वर बघून परत फिरली. तिच्या अंगावर चांगलं लुगडं होतं, तिला कळलं असावं.

मी घरी आलो आणि तुझ्या वहिनीला सांगितलं की दवाखाना बंद होता. तिने विचारलं नाही की मग तुम्ही तिथे इतका वेळ काय करत होतात. विचारायला हवं होतं. मला थोडी भीती वाटतेय, हे तुलाच सांगतो. उन्हाळा सरला की माझ्या हाताची मुदत संपेल असं वाटतं. ब्रश धरता येतो, पण नेमका जिथे न्यायचा तिथे जात नाही. पण म्हणून ज्यांचं आहे त्यांच्यातलं काढून घ्यायचं का?

तुझं प्रेम आहे म्हणून एवढं लिहिलं. ते तसंच राहू दे, कमी करू नकोस.

तुझा,
दादा


१६ फेब्रुवारी

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. हे पत्र मी हसत हसत लिहितेय, त्यामुळे अक्षर वाकडं येईल. दुपारी टेलिफोन शांत होता म्हणून तुझं आताचं पत्र वाचलं आणि त्यावरून तुझं जानेवारीतलं पत्र काढून पुन्हा वाचलं. आणि मग मला असं हसू फुटलं की शेजारच्या खोलीतून लोक धावत आले, त्यांना वाटलं मोठी आग लागली. साहेबांनी म्हणे दोनदा हाक मारली, मला एकदाही ऐकू आली नाही.

अरे शहाण्या, फाटकावरचा तो शब्द कुणी लिहिला?

कचेरीतल्या साहेबाने काय सांगितलं होतं? मोफत उपचार. कुणासाठी ते त्यांनी सांगितलंच नव्हतं. 'गरजूंसाठी' तू घातलंस! पाटीला टक्कल पडलं म्हणून! सरकार तुला अडवत नाहीये, दादा, तुझे उस्ताद अडवताहेत. स्वतःच खड्डा खणून, त्याला सुंदर कुंपण घालून, त्या कुंपणाची कलाकुसर बघत तू उभा आहेस आणि म्हणतोस की पुढे जाता येत नाही.

हसून झाल्यावर मात्र मी नीट विचार केला. ती बाकं रिकामी आहेत ना, ती गावात गरजू कमी आहेत म्हणून नव्हेत. न्हावी तोच शब्द वाचून जात नाही. ती चांगल्या लुगड्यातली बाई तोच शब्द वाचून लेकराला घेऊन परत गेली. कोण स्वतःला गरजू म्हणवून घेईल? मी तरी नाही म्हणवून घेणार. आणि तू म्हणतोस खांदा पसरत नाही. वहिनीला विचार. तुझ्या सदऱ्याची बाही कोण चढवतं ते मला माहीत आहे.

तू हे मुद्दाम केलं नाहीस. तू पाटी भरलीस, तुझा धंदाच तो. पण आता आत जा आणि डॉक्टरांना विचार की सरकारचा खरा हुकूम काय आहे. तो जर खरंच फक्त गरजूंसाठी असेल तर मी हरले, पुन्हा कधी बोलणार नाही. आणि नसेल तर तुझा हात माझ्या हवाली कर.

तुझ्या रागाला मी घाबरत नाही, तुझ्या लोभाला मात्र आसुसलेली आहे.

तुझी,
धाकटी


२७ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

स. न. वि. वि. काय झालं ते नीट सांगते, कारण हे सांगतील ते मीठमसाला लावून सांगतील.

तुझं पत्र यांनी शेवटपर्यंत वाचलं. मग हसले. मग म्हणाले, ती बाई लेकराला घेऊन कुठे गेली असेल गं? मी म्हटलं, मला काय ठाऊक. उठले, रंगाचा डबा घेतला, ब्रश घेतला, म्हणाले, तो शब्द आत्ताच्या आत्ता पुसतो. न्हाव्याकडून शिडी आणून फाटकाला लावली. पाटी एवढी उंच, आणि हात खांद्याच्या वर जात नाही. शिडीच्या खालच्या पायरीवर उभे राहिले ते उभेच. न्हावी म्हणाला, मी चढतो, पांढरा रंग फासतो. तर हे ओरडले, माझ्या पाटीला हात लावशील तर याद राख!

तो आरडाओरडा ऐकून आतून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. तरुण आहेत, गेल्याच वर्षी आल्यात. यांनी त्यांना विचारलं की सरकारचा हुकूम नेमका काय आहे. त्या म्हणाल्या, जो येईल त्याला, दुसरी अट नाही. यांनी विचारलं, मग हे चुकीचं लिहिलेलं कुणाला दिसलं कसं नाही? त्या म्हणाल्या, पाटी जुनी, अक्षर एवढं देखणं, वाटलं सरकारी मजकूरच असेल. आणि म्हणाल्या की या गावात येणारा प्रत्येक जण आधी आपली गरिबी सांगतो आणि मग दुखणं सांगतो, येतो तेही गळ्याशी आल्यावरच. मला वाटलं इथली रीतच असेल. मग त्यांनी विचारलं, चुकीचं काय आहे, कुठला शब्द? आणि वन्सं, हे दाखवायला गेले. उजवा हात उचलला, तो छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. कळवळले.

डॉक्टरीणबाईंनी पाटीकडे बघितलंच नाही. यांच्याकडे बघितलं. म्हणाल्या, आत या. हे म्हणाले, मी पाटीसाठी आलोय. त्या म्हणाल्या, पाटी या हाताने पुसणार ना? मग हा हात आधी दाखवा. असं करून यांना त्या शब्दाखालून आत नेलं. मी मागून डोळे पुसत गेले आणि न्हावी शिडी घेऊन माझ्या मागून.

ऑपरेशन पुढच्या आठवड्यात ठरलंय. उशीर झालाय पण हाताबाहेर गेलेलं नाही, असं म्हणाल्या. यांनी एकच अट घातली, की हात बरा होईपर्यंत त्या पाटीला कुणी ब्रश लावायचा नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तोवर लोक परत जातील त्याचं काय? मग मी जुन्या पडद्याचं कापड कापून, चार कोपऱ्यांना नाड्या शिवून दिल्या आणि न्हाव्याने वर चढून तेवढा एक शब्द झाकला. पाटीला लंगोट नेसवल्यासारखं दिसतंय. गाव जाता-येता बघून हसतंय, आणि हसता हसता वाचतंय. शिडीवरून उतरला तो न्हावी थेट आत गेला, नसा दाखवायला.

माझं सगळं प्रेम आज तुझ्या वाट्याला. थोडं यांच्यासाठी ठेवते, ऑपरेशन आहे म्हणून.

तुझी,
वहिनी


१४ मार्च, दवाखान्यातून

चि. सौ. बंबवाली हिस अनेक आशीर्वाद.

हे डाव्या हाताने लिहितोय. उजवा गळ्यात बांधलाय. कोंबडीचे पाय उमटल्यासारखं दिसत असेल तर दोष कोंबडीचा नाही, माझा आहे.

टाके नीट पडले. डॉक्टरीणबाई म्हणतात, शिडी पुन्हा चढाल, पण मी सांगेन तेव्हाच. माझ्या एका बाजूच्या खाटेवर बाजारातला सगळ्यात मोठा कापडदुकानदार आहे आणि दुसऱ्या बाजूला त्याचं दुकान झाडणारा माणूस. एकाचं पित्ताशय, दुसऱ्याचा गुडघा. दोघांना सूप एकच मिळतं आणि दोघं पंख्यावरून एकसारखे भांडतात. दुकानदाराला वारा हवा, झाडणाऱ्याला नको. काल झाडणारा जिंकला. परवा दुकानदाराने माझ्या कानात सांगितलं की तो वर्षभर दुखणं अंगावर काढत होता, खासगी डॉक्टरवर विश्वास नव्हता आणि इथे यायची लाज वाटत होती. पडदा लागला तेव्हा आला. म्हणजे गावातला सगळ्यात श्रीमंत माणूसही माझ्या शब्दापुढे अडून होता.

बाकं आता रिकामी नसतात. ती बाईही लेकराला घेऊन येऊन गेली. पोराचा कान फुटला होता, औषधाने बरा होतोय. मी तिला काही सांगितलं नाही, पण पोराला डाव्या हाताने कागदावर हत्ती काढून दिला. तो म्हणाला, डुक्कर छान आहे.

एक कबूल करतो. फुकटचं अंगी लागत नाही असं मी म्हणत होतो ना? हे लागलंय. आता आपली आई काय म्हणाली असती, यावर मी इथे पडल्या पडल्या विचार करतो. ती मीठ उसनं आणत नव्हती, पण आपल्या दारात आलेल्या कुणाला तुला गरज आहे का, असं तिने कधी विचारलं नाही. आधी बस म्हणायची.

डाव्या हाताचा आशीर्वाद चालत असेल तर तो घे. उजव्याचा मागाहून.

तुझा,
दादा


३० जून

चि. सौ. बंबवाली हिस अनेक आशीर्वाद. दोन्ही हातांचे.

आज सकाळी शिडी चढलो. डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली, पण स्वतः खाली येऊन उभ्या राहिल्या. न्हाव्याने शिडी धरली. त्याच्या पायांना पट्ट्या बांधल्यात, आता तो बसून केस कापतो, त्यासाठी त्याने स्वतःला उंच खुर्ची करून घेतलीय. पडद्याच्या नाड्या मी वर जाऊन सोडल्या. पडदा तुझ्या वहिनीने घडी घालून ठेवलाय. म्हणते, नातवंडांना दाखवू.

नवीन शब्द कोणता घालायचा यावर महिनाभर खल चालला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'सर्वांसाठी' घाला, हुकूमही तोच आहे. कापडदुकानदार म्हणाला, 'नागरिकांसाठी' भारदस्त दिसेल. मी दोघांनाही नाही म्हटलं. एकदा का कुणासाठी ते लिहिलं की फाटकाशी कुणीतरी उभं राहून विचार करणार, मी यात बसतो का. मी केलाय तो विचार, मला माहीत आहे. तर वहिनी म्हणाली, मग मोकळं सोडा. मोकळं सोडायचं माझ्या जिवावर आलं. पुसून झाल्यावर पाटीचं ते टक्कल बघवेना.

मग मला आईचं बोलणं आठवलं आणि मी लिहिलं: 'या, आत या.' जागा बरोबर पुरली, तसूभर कमी नाही की जास्त नाही. आता खालची ओळ अशी वाचायची: या, आत या. मोफत उपचार. हात वर गेला तेव्हा दुखला, पण गेला. रेघ ओढताना मी श्वास धरला होता. न्हावी म्हणतो पाण्याची पातळी. तुझ्या वहिनीने रेघ बघितलीच नाही, माझ्या तोंडाकडे बघत होती. काय बघत होती कोण जाणे.

आता तुझ्याकडे वळतो. सक्तीची विश्रांती होती म्हणून तुझी सगळी पत्रं पुन्हा वाचली. टेलिफोन डाव्या कानाला. उजवीकडे लाईन खराब. साहेबांनी दोनदा हाक मारली, ऐकू आली नाही. मेहुण्यांनी वहिनीला कळवलंय की तू रेडिओ एवढा मोठा लावतेस की शेजाऱ्यांना वेगळा घ्यावा लागत नाही. मी पेंटर आहे, पोरी. मोकळी जागा मला लगेच दिसते. भावाला बंबाचे दाखले देतेस आणि स्वतःचा कान झाकून बसतेस?

तुमच्या रस्त्याच्या टोकाला सरकारी दवाखाना आहे, असं तूच लिहिलं होतंस. त्याच्या पाटीवर काय लिहिलंय ते बघू नकोस. माझी आठव आणि जा.

हात आता दोन आहेत, म्हणून तुझ्यावरचा लोभही दुप्पट.

तुझा,
दादा


९ जुलै

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. गेले.

नोकरी जाईल म्हणून इतके दिवस कुणाला बोलले नव्हते. ज्या बाईला टेलिफोन ऐकू येत नाही तिला बंबाच्या ठाण्यात कोण ठेवेल? आमच्या दवाखान्याच्या पाटीवर 'गरजूंसाठी' वगैरे काही नाही, तरी मी बाहेर बराच वेळ घुटमळले. त्या टोपीवाल्यासारखी. म्हणजे तो शब्द तू काही नव्याने आणला नव्हतास, दादा, तो आमच्या डोक्यात आधीच होता. तू फक्त सुंदर अक्षरात लिहिलास. मग तुझी पाटी मनात वाचली आणि आत गेले.

कानात मळ होता. नुसता मळ! डॉक्टर हसून हसून थकले. त्यांनी काढून दाखवला तेव्हा मला वाटलं, एवढ्या मळात तर न्हाव्याची अख्खी पाटी रंगवून झाली असती. मी नोकरी जाण्याच्या तयारीने रुमाल घेऊन गेले होते, तो हसताना आलेलं पाणी पुसायला वापरला. आता दोन्ही कानांनी लख्ख ऐकू येतं. आमचे हे रात्री घोरतात हेही कळलं, आणि साहेब मला मागून काय म्हणतात तेही.

पुढच्या महिन्यात रजा मिळतेय. दोघं येतो आहोत. फाटकासमोर उभं राहून पाटी मोठ्याने वाचून दाखवायची आहे तुला, म्हणजे तुलाही ऐकू येईल कशी वाटते ते. वहिनीला सांग, वाटाणे आणून ठेव, सोलायला मी बसेन.

तुझी,
धाकटी